कातडीचा सामू आणि साबणाचा फेस

निरोगी माणसाच्या कातडीवर घाम, तेलकट स्राव आणि झडत्या पेशींतून सुटणारी द्रव्ये यांचा एक अतिशय पातळ थर असतो. हा थर किंचित आंबट असतो आणि तो आंबटपणा सामूने, म्हणजेच पीएचने, मोजतात. सामूची पट्टी ० ते १४ अशी आहे. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्याच्या वर अल्कधर्मी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ साली ही मोजणी मांडली. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो. प्रौढ माणसाच्या हाताच्या कातडीचा मात्र साधारण ४.५ ते ५.५. हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन वैद्यांनी १९२८ मध्ये या थराला ‘आम्लावरण’ म्हटले आणि त्वचारोगशास्त्रात तेच नाव टिकले. या पट्टीवरचा एक अंक म्हणजे दहापट फरक, हे विसरले की पुढचे सगळे गणित चुकते. ५.५ वरून ९.५ वर जाणे म्हणजे आंबटपणा दहा हजार पटीने कमी होणे.

बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सामू अनोळखी नाही. माती परीक्षणाच्या अहवालात आणि मृद आरोग्य पत्रिकेत तो छापून येतो. काळ्या रानाचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, हेही अनेकांना तोंडपाठ असते. स्वतःच्या कातडीचा सामू मात्र कोणी विचारत नाही.

लिंबागणेश हे बीड तालुक्यातले बालाघाटच्या पठारावरचे गाव, भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे सर्वदूर माहीत असलेले. कापूस-सोयाबीनची शेती, उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण, बोअरचे जड पाणी आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे हे या सगळ्या पट्ट्याचे जगणे आहे. अशा ठिकाणी कातडीच्या निगेबद्दल दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत अनुभवाचे: मळ निघाला पाहिजे, फेस आला पाहिजे, बाकी सगळे शहरी खूळ. दुसरे मत पुस्तकातले: सामू सांभाळला पाहिजे, नाहीतर कातडी बिघडते. पुढील संवादात पहिले मत आत्याच्या तोंडी घातले आहे आणि दुसरे बी.फार्मसी शिकणाऱ्या तिच्या भाच्याच्या. ही दोन माणसे कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र घरोघरचे आहेत.

आत्या: दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाला तुझा सामू काय कामाचा? अंगाला खसाखसा साबण लावावा, फेस यावा, मळ निघावा. अंग चरचरलं म्हणजे स्वच्छ झालं.

भाचा: आत्याबाई, ते चरचरणं स्वच्छतेचं लक्षण नाही. मळाबरोबर कातडीचं स्वतःचं तेलही निघून गेलं, म्हणून अंग ओढल्यासारखं होतं. साबण अल्कधर्मी असतो.

आत्या: कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पांढऱ्या सुती फडक्यावर ओल्या हळदीचा डाग पाडावा आणि त्यावर अंगाच्या साबणाची ओली वडी घासावी. पिवळा डाग बघता बघता विटकरी लाल होतो. लग्नाच्या हळदीचे कपडे धुताना हे प्रत्येक बाईने पाहिलेले असते. हळदीतला कर्क्युमिन हा रंग आम्लधर्मी आणि उदासीन द्रवात पिवळा राहतो आणि सामू ८ च्या आसपास चढला की तांबडा होऊ लागतो. हळकुंडाला चुना किंवा टाकणखार लावून पारंपरिक कुंकू करतात, तेही याच गुणावर. लाल झालेल्या डागावर लिंबाचे दोन थेंब पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. ताज्या पिवळ्या डागावर शिकेकाईचे गाळलेले पाणी टाकले तर रंग पालटतच नाही. या चाचणीची मर्यादा एवढीच की हळदीला ५ आणि ७ यांतला फरक कळत नाही. अल्कधर्मी काय आहे, तेवढेच ती सांगते. पण अंगाला लावायची वडी पारखायला तेवढे पुरते.

साबण अल्कधर्मी असतो तो त्याच्या घडणीमुळे. तेलावर किंवा चरबीवर कॉस्टिक सोड्याची क्रिया करून साबण बनतो. त्याचा सामू ओढून ५.५ वर आणला तर त्यातली मेदाम्ले सुटी होतात, फेस बसतो आणि हातात साबण उरत नाही. त्यामुळे खऱ्या साबणाची वडी कातडीच्या सामूशी जुळणारी असूच शकत नाही; जी जुळते ती साबणाची नसते, कृत्रिम फेसद्रव्यांची असते. तिला सिंडेट वडी म्हणतात. ‘इंडियन जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी’ या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात बाजारातले ६४ साबण तपासले होते. त्यांतल्या बहुतेकांचा सामू ९ ते १० निघाला. त्याच अभ्यासातल्या ६७ शाम्पूंपैकी बहुतेकांचा ६ ते ७ होता. वेष्टनावर छापलेला टीएफएमचा आकडा वडीत मेदद्रव्य किती आहे ते सांगतो. सामूबद्दल तो काहीच सांगत नाही. ७६ टक्के टीएफएमची पहिल्या प्रतीची वडीही अल्कधर्मीच असते.

आत्या: असंल अल्कधर्मी. साठ वर्षं लावतेय, कातडी गळून तर पडली नाही.

भाचा: पडत नाही, कारण कातडी स्वतःला सावरते. पण कडाक्याच्या थंडीत पिंढऱ्यांना पांढरे भेगाळ खवले येतात, ते कुठून येतात?

आत्याचे म्हणणे इथे अर्धे खरे आहे. निरोगी प्रौढ कातडी साबणाने चढलेला सामू काही तासांत पुन्हा खाली आणते. नुसत्या पाण्यानेही तो थोडा वेळ चढतो आणि उतरतो. दिवसातून एकदा साबण लावणाऱ्या धडधाकट माणसाचे त्याने फारसे बिघडत नाही. प्रश्न येतो तो कातडीला सावरायला वेळच मिळत नाही तेव्हा: दिवसातून चार-पाच वेळा भांड्यांच्या साबणात बुडणारे हात, धुण्याच्या साबणाने केलेली आंघोळ, चुलीवरच्या कढत पाण्याचे तांबेच्या तांबे आणि वर घासायचा दगड.

ही सावरण्याची यंत्रणा नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण बाजारातली कोणतीही बाटली तिची बरोबरी करत नाही. आंबटपणा कातडी स्वतः तयार करते. घामातून लॅक्टिक आम्ल येते. तैलग्रंथींच्या स्रावातले मेद कातडीवर राहणारे निरुपद्रवी जीवाणू फोडतात आणि त्यातून मेदाम्ले सुटतात. वरच्या थरातले फिलॅग्रिन नावाचे प्रथिन तुटून त्यातून यूरोकॅनिक आम्ल आणि पाणी धरून ठेवणारी इतर द्रव्ये होतात. शिवाय पेशींच्या आवरणातले पंप आतले आम्ल बाहेर टाकत राहतात. एवढी खटपट शरीर उगाच करत नाही. कातडीच्या मृत पेशींना सांधून ठेवणारे सिरॅमाइड नावाचे मेद ज्या विकरांमुळे तयार होतात, ती विकरे आम्लधर्मी वातावरणातच नीट चालतात. याउलट पेशींचे सांधे तोडणारी विकरे सामू चढला की जोर धरतात. म्हणजे सामू चढलेला राहिला तर बांधणारे हात मंदावतात आणि तोडणारे हात वेगाने चालतात. कातडीतले पाणी उडते, खवले धरतात, खाज सुटते, खाजवून जखम होते आणि जखमेतून जंतू आत शिरतात. गळवे आणि पुवाळ्या करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू उदासीन सामूवर चांगला फोफावतो. कातडीवर नेहमी राहणारा, बहुधा निरुपद्रवी असा त्याचा भाऊबंद स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आंबट थरातही तग धरतो. अॅटोपिक इसबाच्या रुग्णांच्या कातडीचा सामू निरोग्यांपेक्षा चढा आढळतो, हेही अनेक मोजण्यांत दिसले आहे.

आत्या: मग साबण नकोच म्हण की. लिंबू चोळते. ते तर आंबटच आहे.

भाचा: लिंबू नको, आत्याबाई. लिंबाचा सामू २ च्या आसपास असतो.

घरगुती म्हणजे सौम्य, हा समज मोडून काढणे आवश्यक आहे. लिंबाचा रस कातडीपेक्षा शेकडो पटींनी आंबट असतो. शिवाय लिंबूवर्गीय फळांतली काही द्रव्ये उन्हात कातडी भाजतात. रस लागलेल्या हाताने उन्हात काम केले की लाल चट्टे, फोड आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडतात. व्हिनेगरही कातडीपेक्षा असेच फार आंबट. खाण्याचा सोडा उलट्या बाजूचा, सामू ८ च्या वर. काखेत वास जावा म्हणून तो चोळणाऱ्यांची काख काही दिवसांत जळजळू लागते. राखेचे पाणी तर त्याहून फार तिखट, आणि वर्षानुवर्षे राखेने भांडी घासलेल्या हातांच्या भेगा गावात सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

परंपरेत चांगलेही पुष्कळ आहे आणि ते निवडून ठेवण्यासारखे आहे. शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन नावाची फेसद्रव्ये असतात. त्यांचे पाणी मळ काढते आणि तरी सौम्य आम्लधर्मी राहते. ते डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, फार झोंबते. डाळीचे पीठ साबणासारखे अल्कधर्मी नसते; ते तेल शोषून घेते, पण जोरात रगडले तर ओरखडते. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल, मग उटणे हा क्रम आहे, आणि तो कातडीच्या दृष्टीने उत्तम आहे. तेलाचा थर आधी बसल्यामुळे घासण्याचा आणि धुण्याचा मारा कमी होतो. दिवाळीपुरता पाळला जाणारा हा क्रम थंडीच्या दिवसांत रोज पाळायला हरकत नाही. मराठवाड्यातले करडईचे तेल त्यासाठी चांगले; त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि कातडीच्या सिरॅमाइडला तेच लागते.

आत्या: आमच्या बोअरच्या पाण्याला तर साबणाचा फेसच येत नाही. मग दोनदा-तीनदा लावावा लागतो.

भाचा: तिथंच खरी मेख आहे.

बालाघाटच्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा जास्त असतात. असे पाणी दुष्फेन. या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका होतो. बादलीच्या कडेला, मोरीच्या फरशीवर आणि केसांत तो दिसतो; कातडीवर बसलेला दिसत नाही, पण तिथेही बसतो आणि अल्कधर्मी साबण अंगावर धरून ठेवतो. फेस येत नाही म्हणून जास्त साबण, आणि जास्त साबण म्हणून जास्त साका, असे हे चक्र आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आंघोळीच्या पाण्यासाठी कोणी मोजत नाही. ब्रिटनमध्ये दुष्फेन पाण्याच्या भागांत लहान मुलांना इसब अधिक आढळते, असे अभ्यास आहेत. मात्र इसब झालेल्या मुलांच्या घरी पाणी मृदू करणारी यंत्रे बसवून पाहिली, तेव्हा आजारात सांगण्यासारखा फरक पडला नाही. त्यामुळे यंत्राच्या मागे पैसे घालवण्यात अर्थ नाही. साबण कमी लावणे आणि शेवटचे दोन तांबे जमले तर पावसाच्या साठवलेल्या किंवा टँकरच्या तुलनेने गोड पाण्याचे घेणे एवढे पुरे. सिंडेट वडीला साका धरत नाही, हा जड पाण्याच्या गावात तिचा खरा फायदा आहे.

आत्या: आणि कापसावर फवारणी करून आलेल्या माणसानं? त्यानंही साबण नाही लावायचा?

भाचा: त्यानं भरपूर लावायचा. तिथं तुमचंच खरं.

या मुद्द्यावर पुस्तकी मत मागे घ्यावे लागते, आणि घेतलेच पाहिजे. कीटकनाशक अंगावर उडाले तर कपडे लगेच उतरवून भरपूर पाणी आणि साबणाने कातडी धुणे हाच पहिला उपचार आहे. विष कातडीतून आत जाण्याच्या धोक्यापुढे सामू काही तास चढण्याला किंमत नाही. शौचाहून आल्यावर, जेवणाआधी, बाळंतिणीला किंवा बाळाला हात लावण्याआधी हात धुणे, तेही तसेच. साबण किती प्रभावी आहे हा वादाचा विषयच नाही. तो कुठे आणि किती वेळा लावावा हा आहे. काख, जांघा, पाय आणि हात यांना रोज साबण हवा. पाठ, पोट, दंड, पिंढऱ्या यांना धूळमाती लागली नसेल तर पाणी पुरते.

जांघा, काखा, स्तनांखालची घडी आणि पायांच्या बोटांमधली जागा यांचा सामू मुळातच चढा असतो, ६ च्या पुढेही जातो. तिथे घाम वाळत नाही. मधुमेह्यांमध्ये तो आणखी चढलेला आढळतो. ऊसतोडीच्या कोपीत पाणी कमी, आंघोळ उशिरा, ओले कपडे अंगावरच वाळतात, उसाच्या पाचटाने हातपाय कापलेले असतात. अशा वेळी गजकर्ण पहिल्यांदा जांघेत धरते, यात नवल नाही. भारतात गेल्या काही वर्षांत पसरलेल्या हट्टी गजकर्णाच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध बरेचदा चालत नाही. घरात पडून असलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले की दोन दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. अशी स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या अनुसूचीत घातली आहेत. एकदा बुरशी धरल्यावर सामू जुळणारी वडी तो संसर्ग बरा करत नाही. धुऊन कोरडे ठेवणे, सुती सैल कपडा आणि पूर्ण मुदतीचे औषध, हाच उपाय.

स्त्रियांबाबत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रजननक्षम वयात योनीमार्गाचा सामू ३.८ ते ४.५ असतो. तिथले लॅक्टोबॅसिलस जीवाणू तो राखतात. आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुतले की तेच जीवाणू मरतात आणि संसर्ग वाढतो. बाहेरून साधे पाणी पुरेसे आहे. अंगावरून पांढरे जाते, वास येतो, खाज सुटते, या तक्रारी तपासून औषधाने बऱ्या होणाऱ्या असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. अशा साध्या तक्रारींवरूनही गर्भाशये काढली गेल्याचे त्या काळात पुढे आले होते. ज्याला गोळ्या आणि स्वच्छ पाणी पुरते, त्याला सुरी लागू नये.

आत्या: आणि नातवाला? त्याला तर दाईनं पहिल्याच दिवशी डाळीचं पीठ लावून रगडून न्हाऊ घातलं होतं.

भाचा: बाळाच्या कातडीला तो मारा सोसत नाही. तिला आंबट व्हायलाच वेळ लागतो.

जन्मतः बाळाच्या कातडीचा सामू उदासीनाच्या जवळ, ६ च्या वर असतो. पहिल्या काही दिवसांत तो भराभर आणि नंतर काही आठवड्यांत हळूहळू खाली येतो. अंगावरचा पांढरा चिकट थर या काळात संरक्षण देतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवायला सांगते. लंगोटात लघवी आणि शी एकत्र राहिली की लघवीतल्या युरियापासून अमोनिया होतो, सामू चढतो आणि शीतली विकरे कातडी खाऊ लागतात. ढुंगण लालबुंद होण्याचे कारण हे. लंगोट वरचेवर बदलणे हे कोणत्याही पावडरीपेक्षा मोलाचे. म्हातारपणीही सामू पुन्हा चढतो आणि तेल कमी सुटते. सत्तरीपुढच्या माणसाला साबण कमी आणि तेल जास्त लागते.

आत्या: म्हणजे शेवटी ती महागातली वडी आणच म्हणतोस.

भाचा: नाही आणली तरी चालेल.

‘पीएच ५.५’ असे छापलेले प्रत्येक उत्पादन कातडीला मानवतेच असे नाही. फेसद्रव्य कडक असेल तर सामू जुळूनही कातडी कोरडी पडते, आणि सुवासिक द्रव्यांची अॅलर्जी सामूशी संबंधितच नसते. अल्कधर्मी पाणी पिऊन किंवा अमुक आहार घेऊन कातडीचा सामू सुधारतो, या जाहिरातीला आधार नाही. इसब, वारंवार फुटणारे हात, तान्हे बाळ किंवा खूप वृद्ध माणूस घरात असेल तर सिंडेट वडीवर खर्च करणे योग्य आहे. ती साध्या वडीच्या काही पट महाग असते, म्हणून तिची गरज ज्याला आहे त्याच्यासाठीच आणावी. बाकीच्यांनी नेहमीची वडी वापरावी, पण घड्या आणि हातापायांपुरती. पाणी कोमट असावे. दगड टाचांपुरता ठेवावा. अंग पुसताना जरा ओले असतानाच चमचाभर तेल लावावे. धुण्याचा साबण अंगाला लावू नये आणि भांडी झाल्यावर हात साध्या पाण्याने खळखळून धुऊन तेल चोळावे.

यांतले काहीही करून खाज दोन आठवड्यांत थांबली नाही, चट्टा गोल वाढत गेला, घरातल्या दुसऱ्या कोणाला खाज सुटली किंवा पू आला, तर दुकानातून मलम न घेता लिंबागणेशच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, आणि जाताना आधी लावलेल्या मलमाची रिकामी ट्यूब बरोबर न्यावी.